मिठाची बरणी आणि जाडू बेडूक

पावसाळ्यात आपल्या कोकणातल्या घरांत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. अम्मी त्यात तांदळाचे दाणे टाकून ठेवायची. या मिठाच्या स्वभावाचा जानेवारीत इंग्लंडमधल्या एका बेडकाला उपयोग झाला, ती हकिकत आज सांगते.

माझी धाकटी बहीण तिकडे राहते. तिच्या अकरा वर्षांच्या मुलानं वर्षभर हट्ट करून बेडूक पाळायला घेतला. मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला, झाडावर राहणारा हिरवा बेडूक. त्याला ‘व्हाइट्स ट्री फ्रॉग’ म्हणतात. जॉन व्हाइट यांनी 1790 मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. तळहातावर मावणारा, गुबगुबीत, सदा हसल्यासारखं तोंड. भाच्यानं नाव ठेवलं जाडू. नीट सांभाळला तर हा पंधरा वर्षंही जगतो. म्हणजे भाचा कॉलेज संपवून नोकरीला लागेल, तरी बेडूक माझ्या बहिणीच्या गळ्यात! हे तिला घेताना कुणी सांगितलं नव्हतं.

जानेवारीत तिचा फोन आला. “आपा, जाडू पाच दिवस काही खात नाही. रंगही तपकिरी पडलाय. हा नुसता रडतोय.” जनावरांच्या डॉक्टरांची वेळ तीन दिवसांनंतरची मिळाली होती. मी विज्ञान शिकवते खरी, पण माझा बेडूक फळ्यावरचा.

व्हिडिओवर काचेची पेटी पाहिली. थंडी म्हणून ती भिंतीवरच्या हीटरला अगदी खेटून ठेवलेली. आत तापमान 27 अंश. आर्द्रतेच्या काट्यावर 60 टक्के. या बेडकाला दिवसा 24 ते 28 अंश चालतात, रात्री थोडं कमी, आणि आर्द्रता 50-60 च्या आसपास. कागदावर सगळं ठीक होतं.

“तुमचे ओठ फुटतायत का गं?” मी विचारलं. फुटत होते, सगळ्यांचेच. मग मला त्या 60 वर विश्वास बसेना. कारण बाहेरची 5 अंशांची हवा अगदी ओलीचिंब असली, तरी तिच्यात मुळात बाष्प थोडंच असतं. तीच हवा घरात 22 अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता 33 टक्क्यांवर येते. बाष्प तेवढंच, पण गरम हवेची तहान मोठी. पेटीत 27 अंश केले की आणखी कोरडी. ऊब वाढवली की ओल पळते, ही या पेटीची खरी अडचण. आणि बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या व मांड्यांच्या पातळ कातडीतून शोषतो. त्याच कातडीतून थोडा श्वासही घेतो. ती सुकली तर बिचाऱ्याचं काय होणार?

काटा खरं बोलतो का, हे पाहायला मी भाच्याला मिठाचा प्रयोग दिला. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाकायचे. झाकण आणि काटा एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. ओल्या मिठाभोवतीची कोंडलेली हवा 75 टक्क्यांवर स्थिर होते. (आपल्या बरणीला पाणी सुटतं तेही हवा 75 च्या वर गेल्यामुळेच.) सकाळी भाच्याचा मेसेज आला, “खाला, 91!” काटा 16 नं जास्त दाखवत होता. म्हणजे ते 60 खरे 44 च्या जवळपास, आणि तेही फवारा मारल्यावर लगेच पाहिलेले.

मग या पठ्ठ्यानं दिवसभरात दहा वेळा फवारे मारले आणि वरची जाळी प्लास्टिकनं गच्च बंद केली. काचेवरून पाण्याचे ओघळ! मी रागावलेच. कोंडलेल्या ओलीत बुरशी आणि जंतू वाढतात, बेडकाच्या कातडीला जखमा होतात. ओल हवी तशी वाराही हवा.

शेवटी असं ठरलं. पेटी हीटरपासून लांब. उबेसाठी बाहेरून मागच्या काचेला चिकटवायची पातळ हीटिंग मॅट, तिला थर्मोस्टॅट, आणि त्याची तार पेटीच्या आत, नाहीतर मॅट नुसती तापतच राहते. दिवा नको, तो हवा सुकवतो आणि बेडूक त्यावर उडी मारून भाजतो. जाळी अर्धीच झाकायची. फवारा संध्याकाळी, कारण हा प्राणी रात्री जागतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काच कोरडी दिसली पाहिजे. बसता येईल असं पसरट पाण्याचं भांडं रोज धुऊन भरायचं. पाणी क्लोरिन मारणारं औषध घालूनच. नुसतं रात्रभर ठेवून भागत नाही, कारण काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते उडून जात नाही.

ही गोष्ट मी सातवीच्या वर्गात सांगितली, तर दोघे म्हणाले, “मॅडम, आम्हीपण पऱ्ह्यावरून आणतो!” मी नको म्हटलं. आपल्या बेडकांची सोय आपला पाऊस करतोच की.

डॉक्टरांनी जाडूला तपासून दुसरा आजार नाही म्हटलं आणि हीच व्यवस्था चालू ठेवायला सांगितली. नवव्या दिवशी रात्री त्यानं एक रातकिडा गिळला. रंग हिरवा व्हायला आणखी आठवडा गेला. काटा बदलायचा आहे. तोवर भाच्यानं त्यावर ‘वजा 16’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.