आधी कुलपे काढा!

श्रेयसी जोशी पुण्याची निघाली, हे देशाचे नशीब! 2025 मध्ये दक्षिण कोरियातील जेचिऑन येथे तिने इनलाइन फ्रीस्टाइल स्केटिंगमध्ये आशियाई सुवर्णपदक जिंकले. हीच पोरगी नांदेडला किंवा लातूरला वाढली असती, तर तिने सराव कुठे केला असता? दोन्ही महापालिकांनी उत्तर द्यावे. 'रस्त्यावर' हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही.

मागणी तरी केवढी? या खेळातल्या स्पीड स्लॅलममध्ये, म्हणजे शंकूसारख्या कोनांमधून नागमोडी जाण्याच्या शर्यतीत, 80 सेंटिमीटर अंतराने 20 कोन मांडतात. पहिल्या कोनाआधी वेग घ्यायला 12 मीटर. पुढे थांबायची जागा धरली तरी चाळीसेक मीटर लांबीची, पाच-सहा मीटर रुंदीची सपाट पट्टी पुरते. एवढ्यात पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मंडपसुद्धा बसत नाही! मात्र ती पट्टी घोटून गुळगुळीत केलेली हवी. चाकाखाली हरभऱ्याएवढी खडी आली तरी चाक जागीच अडते, अंग पुढे जाते आणि सगळा भार टेकलेल्या मनगटावर येतो. उडी मारून पेव्हर ब्लॉकच्या फटीवर उतरणे म्हणजे हाडांच्या डॉक्टरला आवतणच. आणि आमच्या कारभाऱ्यांचे प्रेम जडले आहे ते नेमके पेव्हर ब्लॉकवर!

'रिंक आहे की,' असे म्हणून कोणी हात झटकू नयेत. रिंकवर वेगाचा सराव करणारी मुले सुसाट घेरे घालतात. त्यांच्या वाटेत कोन मांडून उलट्या पावली सरकणारा पोरगा उभा केला, तर दोघेही दवाखान्यात जातील. उड्यांना, रॅम्पला, रेलिंगवरून घसरण्याला वेगळा कोपरा लागतो. तो मिळत नाही म्हणून पोरे पहाटे रिकामा सिमेंट रस्ता शोधतात आणि वाळूच्या हायवा ट्रकशी गाठ पडते. मुलींचे तर विचारूच नका. त्या वेळी एकटीला रस्त्यावर कोण पाठवील? तिचे स्केट्स माळ्यावर जातात.

पैसा नाही म्हणता? 2008 च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी नांदेडचे रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले. ते योग्यच झाले. पण पाहुण्यांसाठी जे शहर कंबर कसते, ते स्वतःच्या लेकरांसाठी कूस का बदलत नाही? मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. तिथे 2015 मध्ये काँक्रीटचा स्केटपार्क झाला आणि त्याच खेड्यातली आशा गोंड 2018 मध्ये नानजिंगच्या जागतिक स्केटबोर्ड स्पर्धेत उतरली. खेड्याला जमते ते महापालिकेला जमत नाही, हे आम्हाला कोणी पटवून द्यावे!

जागेचे रडगाणे तर त्याहून खोटे. नगररचना कायद्याचे कलम 127 वाचा. विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी राखलेली जमीन 10 वर्षांत ताब्यात घेतली नाही, की मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिने संपादनाची पावले उचलली नाहीत, की आरक्षण रद्द! म्हणजे मैदान गिळायला बुलडोझर लागत नाही, फाईलवर झोप काढली की पुरे. 2022 मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. ती झोप मोडायला प्रभागात नगरसेवकही उरला नव्हता.

आणि पालकहो, तुम्हीही सुटला नाहीत. अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'चा डंका देशभर वाजला, पण त्या ट्यूशनच्या गल्ल्यांत मुलाला घाम येतो तो परीक्षेच्या भीतीने. स्केट्स घेऊन दिलेच, तर डोळा क्रीडागुणांवर आणि कसल्याशा 'विक्रमा'च्या प्रमाणपत्रावर. चिमुरड्यांना तासन् तास गोल गोल फिरवून भिंतीवर टांगलेले कागद म्हणजे खेळ नव्हे; ती पालकांची हौस आहे, तीही लेकरांच्या घोट्यांच्या जिवावर.

सरकारी कार्यालयांचे वाहनतळ रविवारी ओस पडलेले असतात. तिथली फरशी सपाट असेल तर फाटक उघडा, झाडू मारा, दिवे लावा, प्रथमोपचाराची पेटी ठेवा. नवी बाग करताना निदान एक पट्टी घोटीव ट्रिमिक्स काँक्रीटची टाका आणि तिच्यावर दुचाकी लावू देऊ नका. उन्हाळ्याच्या सुटीआधी दोन्ही आयुक्तांनी यादी जाहीर करावी: कोणत्या प्रभागात कोणती जागा, किती वाजेपर्यंत उघडी, मुलींसाठी कोणती वेळ आणि किल्ली कोणाच्या खिशात.