पिशवी हँडलला नको

मुलांनो, आणि मुलांना बकाल्यावर पिटाळणाऱ्या अम्मी-अब्बांनो,

मगरिबनंतर अजीजियाच्या गल्ल्यांतून मुले माउंटन बाइकवर घरी परतताना दिसतात. हँडलच्या एका टोकाला लबन आणि खुब्जची पिशवी, दुसऱ्या टोकाला पाण्याची 5 लिटरची बाटली, म्हणजे सरळ 5 किलो. हे बंद व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे.

घरात हे बोलले तर लगेच उत्तर आले, "मग मुंबईचे डबेवाले काय करतात?" प्रश्न रास्त आहे. डबेवाल्यांचे काम 1890 पासून चालत आले आहे, आणि हँडलला दोन्हीकडे डबे लटकवलेली त्यांची सायकल आपल्यापैकी पुष्कळांनी चर्चगेटला, दादरला पाहिली आहे. पण ती नीट आठवून पाहा. जुन्या धाटणीची, जाड लोखंडाची जड सायकल. तिचे ब्रेक सळईचे. चालवणारा मोठा माणूस, रोजच्या सवयीचा. आणि ओझे फार झाले, गर्दी लागली की तो खाली उतरून सायकल हाताने ढकलत नेतो! शिवाय तिथले रस्ते बरेचसे सपाट. मक्का डोंगरांमधल्या दरीत वसलेली. इथे चढ-उतार चुकत नाहीत.

माउंटन बाइकचे हँडल रुंद असते. टोकाला पिशवी अडकवली की ती हँडल आपल्याकडे ओढत राहते. वळताना झोका घेते आणि नको तितके वळवते. पिशवीचे बंद ब्रेकच्या दांडीत अडकले तर बोटे पूर्ण मिटत नाहीत. उतारावर ब्रेक दाबला की भार मुळातच पुढच्या चाकावर येतो, त्यात हे ओझे.

सगळ्यात वाईट म्हणजे पिशवी चाकात जाणे. पुढे स्प्रिंगचा फोर्क असेल तर स्पीडब्रेकरवर तो दबतो, चाक वर येते आणि लोंबणारी पिशवी टायरला टेकते. आरे तिला आत ओढतात, ती फोर्कपाशी अडकते आणि चाक जागच्या जागी थांबते. चालवणारा मात्र थांबत नाही. तो हँडलवरून पुढे, तोंडावर.

लांबच्या प्रवासाचे सायकलस्वारही पुढे सामान लावतात, हे खरे. पण ते हलके असते, मधोमध असते आणि पट्ट्यांनी घट्ट आवळलेले असते. लोंबत नाही.

गोव्यातला पोदेर भोंगा वाजवत पाव घेऊन येतो. त्याची भलीमोठी टोपली मागच्या कॅरिअरवर बांधलेली असते. आपल्या बाइकला बहुधा कॅरिअर येत नाही, म्हणूनच पिशव्या हँडलला जातात. तेव्हा पालकांनो, कॅरिअर बसवून द्या आणि बांधायला एक रबरी दोर. तोवर पाठीवरची सॅक चालेल, तीही बेताच्या ओझ्याची. पाण्याची बाटली मुलांना सायकलवरून आणायला सांगूच नका. ते काम अब्बांचे.

माझ्या मुलाची तक्रार आहे की दप्तरात खुब्ज ठेवले की वह्यांना वास येतो. येऊ दे.