यंदा लीग कोण जिंकणार? कोल्हापूरचा फुटबॉल, तालमी आणि ‘बाहेरचा’ खेळाडू

१.
पाऊस ओसरला, दिवाळी झाली, की कोल्हापूरच्या पेठांतील कट्ट्यांवर एकच प्रश्न घोळू लागतो: यंदा लीग कोण जिंकणार? कोणी कोणता खेळाडू आणला, कोण कोणाला सोडून गेला, कोणाचा गोलरक्षक बदलला, याची चर्चा चहाच्या गाड्यांवर रात्री उशिरापर्यंत रंगते. या चर्चेला जो इतिहास आहे, तो लक्षात घेतला तर भाकीत करण्याची रीतच बदलावी लागेल. #थ्रेड

२.
कोल्हापूर म्हटले की कुस्ती, अंबाबाई आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढेच ज्यांना आठवते, त्यांच्यासाठी थोडी ओळख. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजेच केएसए, ही संस्था १९४० सालची. तिच्या वरिष्ठ गटाच्या लीगमध्ये १६ संघ उतरतात. सामने होतात छत्रपती शाहू स्टेडियमवर. लीगनंतर निरनिराळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा होतात आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी हंगाम आटोपतो.

३.
आता संघांची नावे पाहावीत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, जुना बुधवार पेठ तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. फुटबॉलच्या इतक्या संघांच्या नावांत आखाडा कसा आला? साऱ्या विवेचनाची किल्ली याच प्रश्नात आहे.

४.
तालीम ही केवळ व्यायामाची जागा कधीच नव्हती. आत लाल मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती, भिंतीशी मुद्गल आणि करेला, आणि साऱ्यांवर वस्तादाची नजर. पोराने पहाटे यावे, जोर-बैठका माराव्यात, माती अंगाला लावावी आणि थोरांसमोर मान खाली घालून उभे राहावे, ही तिची शिस्त. पेठेचा गणेशोत्सव तालमीचा, पेठेतील भांडण मिटवण्याची जागाही तालमीचीच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पेठांमधील तालमी आणि मंडळे मदतीला धावली, ती याच जुन्या सवयीने.

५.
या व्यवस्थेला राजाश्रय दिला तो राजर्षी शाहू महाराजांनी. १८९४ मध्ये ते गादीवर आले. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त ते युरोपला गेले. त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून खासबाग मैदानाची कल्पना त्यांच्या मनात आली, असे सांगितले जाते. १९१२ मध्ये खासबाग उभे राहिले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती स्पष्ट दिसावी.

६.
या मैदानात केवळ कोल्हापूरचेच मल्ल लढत होते काय? मुळीच नाही. पंजाबकडील नामांकित पैलवान शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि करवीरच्या मातीत लढले. त्यांच्या खुराकाची आणि राहण्याची सोय संस्थानाने केली. आजच्या भाषेत त्यांना ‘आयात’ खेळाडूच म्हणावे लागेल. म्हणजे बाहेरचा गुणवान खेळाडू आणणे ही कोल्हापूरला नवी गोष्ट नाही; शंभर वर्षांपूर्वी ती राजमान्य होती.

७.
पुढची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर सांगली जिल्ह्यातील पुनवतचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकरांनी सुवर्णपदक मिळवले. हे दोघेही जन्माने कोल्हापूरचे नव्हेत. तरीही त्यांना कोल्हापूरचे म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही.

८.
खाशाबा जाधवांचेही तसेच. ते कराडजवळच्या गोळेश्वरचे. शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले आणि येथील मातीत घडले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी महाविद्यालयाच्या तत्कालीन प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवल्याची हकीकत आजही आदराने सांगितली जाते. सातारा जिल्ह्यातील एका विद्यार्थ्यासाठी कोल्हापुरातील घर गहाण पडले, ही गोष्ट साधी नव्हे.

९.
यांना ‘आपले’ कशाने केले? मुक्कामाने. मल्ल तालमीत राहिला, तालमीत जेवला, धाकट्यांना डाव शिकवत मोठा झाला. आंदळकर पुढे मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले आणि त्यांच्या हाताखाली मल्लांच्या पिढ्या तयार झाल्या. पुनवतहून आलेला एक मुलगा कोल्हापूरला त्याने घेतले त्याहून कितीतरी अधिक देऊन गेला. कुस्तीच्या सुवर्णकाळातील ‘आयात’ ही अशी होती.

१०.
आता चेंडूकडे वळावे. तालमींनी फुटबॉल स्वीकारला तेव्हा त्यांच्यापाशी तीन गोष्टी तयार होत्या: कसलेली शरीरे, पेठेची एकजूट आणि शेजारच्या पेठेविषयीची ईर्षा. ‘ईर्षा’ या शब्दाला कोल्हापुरात जो अर्थ आहे, तो शब्दकोशात पूर्ण सापडत नाही. त्यात मत्सर थोडा आणि जिद्द फार. मंगळवार पेठेने शिवाजी पेठेवर गोल केला की त्याचे पडसाद घराघरांतील जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचतात. मोठ्या कंपन्यांचे पाठबळ नसताना या शहरात स्टेडियम भरते, ते या ईर्षेवर.

११.
गेल्या काही दशकांत चित्र पालटले. स्पर्धांची बक्षिसे वाढली, देणगीदार आणि पुढारी मंडळी पाठीशी उभी राहिली आणि संघांमध्ये बाहेरचे खेळाडू येऊ लागले. आधी इतर जिल्ह्यांतील आणि राज्यांतील, नंतर नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतीलही. त्यामुळे हंगामापूर्वीची चर्चा बहुतांशी याच मुद्द्याभोवती फिरते: कोणी कोणाला आणले? आघाडीला कोण? त्याची उंची किती, वेग किती?

१२.
या खेळाडूंच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांच्यामुळे खेळाचा वेग वाढला. चेंडू छातीवर कसा घ्यावा, पाठीमागच्या बचावपटूला अंगाने कसे रोखावे, हे येथील मुलांनी त्यांच्याकडूनच जवळून पाहिले. घर सोडून हजारो मैलांवर येऊन, अनोळखी भाषेत, दुपारच्या उन्हात खेळणाऱ्या तरुणाविषयी आकस बाळगणे हे शाहू महाराजांच्या नगरीला शोभणारे नाही. दोष त्या खेळाडूंचा नाही.

१३.
दोष आहे तो व्यवहाराच्या मुदतीत. पंजाबचा मल्ल दरबारी राहत असे. आजचा खेळाडू एका हंगामासाठी येतो आणि उन्हाळा संपताच जातो. त्याने केलेले गोल तक्त्यात राहतात, त्याची विद्या मात्र त्याच्याबरोबर निघून जाते. दरम्यान त्याच जागेवर खेळू शकणारा पेठेतील सतरा वर्षांचा मुलगा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून असतो. पुढच्या वर्षी पुन्हा नवा पाहुणा, पुन्हा तोच बाक. अशा तीन हंगामांनंतर तो मुलगा खेळ सोडून नोकरी धरतो.

१४.
कोल्हापूरच्या मातीत गुण नाही, असे कोणी म्हणू नये. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या आघाडीला खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. मात्र त्याची जडणघडण झाली ती पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. गुण येथे जन्मला, घडवायला मात्र तो दुसऱ्या शहरात न्यावा लागला. ज्या गावाने गोळेश्वरच्या मुलाला ऑलिंपिकपर्यंत पोहोचवले, त्या गावाने हा उलटा प्रवाह मनाला लावून घ्यायला हवा.

१५.
जगात याला पर्याय आहे का? स्पेनमधील बिल्बाओचा अॅथलेटिक क्लब पाहावा. बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तेथील फुटबॉलमध्ये घडलेले खेळाडूच घ्यायचे, हा त्यांचा शतकभराचा रिवाज आहे. स्पेनची लीग १९२९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून हा संघ एकदाही वरच्या श्रेणीतून खाली गेलेला नाही. असा विक्रम त्यांच्याखेरीज केवळ रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्याच नावावर आहे.

१६.
त्या रिवाजातील ‘किंवा घडलेले’ हे दोन शब्द महत्त्वाचे. बिल्बाओत जन्मलेला आणि घानाहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा इन्याकी विल्यम्स त्या संघाचा आधारस्तंभ झाला. २०२४ मध्ये चाळीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर अॅथलेटिकने स्पेनचा राजचषक जिंकला, तेव्हा तो संघात होता. रक्त आणि वंश न पाहता घडण पाहणे, हाच आंदळकर आणि खाशाबा यांच्या काळातील कोल्हापूरचाही नियम होता.

१७.
पेठेचा अभिमान नेहमीच निर्मळ असतो, असाही दावा येथे नाही. समर्थकांच्या हुल्लडबाजीने सामने थांबल्याचे, मैदानाबाहेर हाणामारी झाल्याचे प्रसंग या शहराने पाहिले आहेत. फुटबॉलमध्ये ईर्षा आली, पण वस्ताद मागेच राहिला. आखाड्यात हरलेला मल्ल जिंकणाऱ्याला हात देऊन उठत असे. ती शिस्त प्रेक्षकांच्या बैठकीपर्यंत पोहोचवणे, ही तालमींच्या जाणत्यांची जबाबदारी आहे. केवळ पोलीस बंदोबस्ताने ती यायची नाही.

१८.
तर मग नव्या हंगामाचे भाकीत कसे करावे? संघाच्या यादीला तीन प्रश्न विचारावेत. पहिला: यातील किती खेळाडू त्याच तालमीच्या कनिष्ठ संघातून वर आले? दुसरा: मुख्य आघाडीपटू जायबंदी झाला तर त्याच्या जागी उतरणारा मुलगा कोण, आणि गेल्या वर्षी त्याला किती मिनिटे खेळायला मिळाली? तिसरा: प्रशिक्षक किती हंगाम टिकून आहे? गोल कोण करणार, हा प्रश्न यांच्यानंतर येतो.

१९.
या कसोट्या घेऊन संघांकडे पाहावे. विजेतेपदाच्या चर्चेत पाटाकडील आणि शिवाजी मंडळ यांची नावे हटकून येतात आणि यंदाही येतील. दोघांचीही खरी ताकद त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दाट वस्तीच्या पेठेत आहे. खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस हे संघ कोणाचीही वाट एका दुपारी रोखू शकतात; त्यांचा प्रश्न सातत्याचा, म्हणजेच राखीव फळीचा. फुलेवाडीकडे वेगळ्या उत्सुकतेने पाहावे. जुन्या पेठांच्या बाहेर, उपनगरात, तालमीचा वारसा नसताना फुटबॉल रुजतो का, याची ती परीक्षा आहे.

२०.
पहिल्या महिन्यात बहुधा तोच संघ पुढे दिसेल ज्याने तयार खेळाडू आणले. लीग मात्र लांब असते आणि तिच्यामागून चषकांची रांग लागते. दुखापती होतात, पिवळी-लाल कार्डे मिळतात, उन्हाचा तडाखा वाढतो. तेव्हा प्रश्न पहिल्या अकरांचा राहत नाही, बाराव्यापासून अठराव्यापर्यंतच्या मुलांचा होतो. हंगामाच्या शेवटी चषक उचलणारा संघ याच सहा-सात मुलांवर ठरेल.

२१.
यासाठी केएसएने आणि तालमींनी एकत्र बसून एक साधा नियम करायला हरकत नाही. बाहेरचा खेळाडू जरूर घ्यावा, परंतु ज्या संघाचा कनिष्ठ गटात नियमित संघ उतरतो त्यालाच ती मुभा असावी. आलेल्या खेळाडूने आठवड्यातून दोन सकाळी पेठेतील मुलांना शिकवावे, ही अट त्याच्या करारात असावी. शाहू महाराजांच्या काळी ही अट कागदावर लिहावी लागत नव्हती. तालमीत राहणे म्हणजेच शिकवणे होते. आज ती लिहावी लागेल, एवढाच फरक.

२२.
यावर आक्षेप येईल की चाहत्यांना विजय हवा असतो, दहा वर्षांनी मिळणारे फळ नको असते. आक्षेप खरा आहे. पण खासबाग मैदान बांधणाऱ्या राजाने एका हंगामाचा हिशेब केला नव्हता. १९१२ चे ते मैदान १९५९ च्या पहिल्या हिंदकेसरीच्या कितीतरी आधीचे. मधल्या साडेचार दशकांत हजारो पोरांनी पहाटे माती अंगाला लावली, तेव्हा ते नाव घडले.

२३.
म्हणून यंदा कट्ट्यावर कोणी विचारले, “कोण जिंकणार?”, तर उत्तर देण्याआधी एकदा आपल्या पेठेच्या सरावाला जाऊन यावे. मैदानाच्या कडेला चेंडू आणून देणारी दहा-बारा वर्षांची मुले किती आहेत, त्यांच्याशी बोलणारे मोठे कोणी आहे का, हे पाहावे. यंदाच्या चषकाचा अंदाज चुकला तरी हरकत नाही. त्या मुलांपैकी किती जण आठ वर्षांनी त्याच तालमीच्या पोशाखात शाहू स्टेडियमवर उतरतील, हा अंदाज चुकता कामा नये.

#कोल्हापूर #फुटबॉल #तालीम #इतिहास