फलकापलीकडची शाळा

जिल्हा परिषदेच्या दोन शेजारच्या शाळांची तुलना गावोगाव होते ती दर्शनी फलकावरून. शिष्यवृत्तीधारकांची नावे जिथे जास्त, ती शाळा चांगली. सहावी ते आठवीच्या वर्गांवर या हिशेबाने अन्याय होतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक स्तर ठरला. महाराष्ट्राची जुनी घडी मात्र चौथी आणि सातवीची. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा आजही सातवीला संपतात आणि आठवीला मूल खासगी अनुदानित हायस्कुलात जाते. २०१६-१७ मध्ये शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीवर नेली, तेव्हा अशा शाळांचा वरच्या वर्गांचा फलक तिथेच थांबला. एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षाही आठवीचीच. पाया घातला एका शाळेने आणि नाव झळकले दुसऱ्या शाळेच्या भिंतीवर, असा हा प्रकार आहे. त्यात पट लहान. बारा मुलांतली तीन उत्तीर्ण झाली तर निकाल २५ टक्के, चार झाली तर ३३. एका मुलाच्या तापाने शाळेचा क्रमांक बदलतो.

खरी तुलना सुरू होते ती गणित कोण शिकवते इथून. कायद्याच्या परिशिष्टानुसार या स्तरावर विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा. ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि पट शंभराच्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. प्रत्यक्षात संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांना मिळणारी मंजुरी, पटावर ठरते. पट घसरला की पदवीधर शिक्षकाचे पद जाते, पद गेले की पालक मुले काढतात, आणि पट आणखी घसरतो. मग भाषेचे गुरुजीच सातवीला बीजगणित शिकवतात आणि विज्ञानपेटी कपाटात राहते. अशा शाळेला शेजारच्या तीन पदवीधर शिक्षकांच्या शाळेशी तोलून 'मागे' ठरवणे म्हणजे कारण सोडून परिणामाला दोष देणे.

हजेरीचेही तसेच. बीडसारख्या ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. तिथे जूनचा पट आणि जानेवारीची हजेरी शेजारी ठेवल्याशिवाय शाळेबद्दल काहीच कळत नाही. किती मुले गेली, यापेक्षा परतलेल्यांचा बुडालेला अभ्यास कोणी भरून काढला, हे महत्त्वाचे.

सरकारी आकडेवारीची मर्यादाही ओळखलेली बरी. यूडायस प्लस या सरकारी संकेतस्थळावर अकरा अंकी क्रमांकाने कोणत्याही शाळेच्या खोल्या, स्वच्छतागृहे, शिक्षक दिसतात. पण ही माहिती शाळेनेच भरलेली असते आणि संगणक आहे म्हणजे तो चालतो असे नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण जिल्ह्याचे चित्र देते. 'असर' या बिगरसरकारी सर्वेक्षणाचे सर्वेक्षक तर घरोघर जातात, त्यातून ग्रामीण जिल्हा कळतो, अमुक शाळा नव्हे.

'असर'ची चाचणी मात्र उचलण्याजोगी आहे: दुसरीच्या पातळीचा उतारा वाचणे आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. सहावीत आलेल्या प्रत्येक मुलाची ही चाचणी जूनमध्ये आणि पुन्हा मार्चमध्ये घ्यायला लावणे त्यांच्या आवाक्यात आहे. केंद्रातल्या सगळ्या शाळांनी हे केले, तर आलेले मूल कुठे होते आणि कुठवर गेले, याची नोंद केंद्रप्रमुखांच्या पुढल्या शिक्षण परिषदेत मांडता येईल.