थोरली पाती, धाकटी पाती

आपल्याकडे फटफटी घ्यायची ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो तो किमतीचा आणि दुसरा ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा. तिसरा प्रश्न बहुधा निघतच नाही. रंगावरून मुलांची थोडी भांडणे होतात, साडी-गार्ड बसवून घ्यायचे ठरते, पेढे येतात आणि हँडलला झेंडूची माळ चढते. या दोन प्रश्नांच्या जोरावर एक जपानी कारखाना भारतात घरोघर जाऊन बसला. त्या होंडा कारखान्याच्या गाड्यांचे सारे गोत्र एकदा नजरेखालून घातले, तर ध्यानात येते की त्या घराण्याकडे देण्यासारखे आणखी बरेच काही होते. आपण ते मागितले नाही, आणि न मागता कोणता दुकानदार देतो?

घराणे मोठे आहे. एका टोकाला ४९ सीसीची सुपर कब, दुसऱ्या टोकाला मोटारीएवढे सहा सिलिंडरांचे इंजिन वागवणारी गोल्ड विंग. मधल्या पिढ्यांत शर्यतीच्या घोड्या आहेत, वाळवंट तुडवणाऱ्या आफ्रिका ट्विन आहेत, आणि तोक्योजवळच्या एका करमणूक उद्यानात मुलांना बसण्यासाठी १९६१ साली बनवलेली ‘मंकी’ ही ठेंगणी गाडीसुद्धा आहे. मोठी माणसे तिच्यावर बसली की गुडघे थेट कोपरांशी येतात. पुढे ती रस्त्यावर विकलीही गेली आणि खपलीही. जुन्या संस्थानांत थोरली पाती आणि धाकटी पाती असत, तसे या घराण्याचेही दोन भाग पाडता येतील. नाव झाले ते थोरल्या पातीचे. घर मात्र चालवले धाकटीने.

सोइचिरो होंडा १९०६ साली शिझुओका प्रांतातल्या एका खेड्यात जन्मला. बाप लोहार, जोडीला सायकलदुरुस्ती. पंधराव्या वर्षी पोरगा तोक्योच्या एका गॅरेजात उमेदवारीला लागला. शिक्षण बेताचेच. युद्धानंतर जपानमध्ये आगगाड्या खच्चून भरलेल्या, पेट्रोल रेशनवर आणि माणसे सायकलींवर. होंडाला लष्कराच्या वायरलेस संचांसाठी बनवलेली, आता बेवारस पडलेली छोटी इंजिने मिळाली. ती त्याने सायकलींना जोडली. सुरुवातीच्या गाडीची परीक्षा घ्यायला त्याने आपली बायको साची हिलाच हामामात्सु गावातून फिरवले. बाईमाणसाला चालवता येते का, हे त्याला पाहायचे होते. १९४८ साली कंपनी रीतसर उभी राहिली.

दुसऱ्या वर्षी ताकेओ फुजिसावा त्याला येऊन मिळाला. होंडाचे चरित्र लिहिणारे बहुतेक लोक यंत्रावर भाळतात आणि या दुसऱ्या माणसाला परिशिष्टात टाकतात. माझ्या मते हा अन्याय आहे. होंडाला यंत्र कळत होते, फुजिसावाला गिऱ्हाईक. १९५२ साली सायकलीला जोडायचे ‘कब’ इंजिन निघाले, तेव्हा ते विकायला कंपनीकडे दुकानेच नव्हती. फुजिसावाने देशभरातल्या पन्नास हजारांवर सायकल दुकानदारांना पत्रे पाठवली. तुमच्या वाडवडिलांनी सायकल नवी असताना ती विकायचे धाडस केले, आता तुमची पाळी आहे, असा त्या पत्रांचा सूर होता. हजारोंनी उत्तरे आली. एका पत्राने देशभर विक्रेते उभे करणारा हा माणूस आपल्याकडे असता, तर त्याच्यावर एव्हाना दोन-तीन नाटके आली असती!

१९५६ साली दोघे युरोपला गेले. तिथल्या मोपेड फुजिसावाने पाहिल्या आणि परतल्यावर होंडाला सांगितले, की हे आपल्या रस्त्यांवर टिकणार नाही. त्याच्या डोळ्यांपुढे गिऱ्हाईक होते ते शेवयांच्या खाणावळीतला पोऱ्या. एका हातावर खाण्याचे तबक तोलत दुसऱ्या हाताने सायकल हाकणारा. त्याला क्लच दाबायला हात कुठून आणायचा? म्हणून १९५८ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आलेल्या सुपर कबला क्लचचा दांडाच नव्हता. पायाने गिअर टाकायचा, क्लचचे काम आतल्या आत आपोआप व्हायचे. साधा स्कर्ट किंवा किमोनो घातलेल्या बाईलाही बसता यावे म्हणून मधला भाग खाली वाकवलेला. चिखल उडू नये म्हणून पुढे प्लॅस्टिकची ढाल. खड्ड्यांसाठी स्कूटरपेक्षा मोठी, सतरा इंची चाके. त्या काळी छोटी इंजिने सर्रास टू-स्ट्रोक असत, धूर ओकणारी आणि पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून पिणारी. होंडाने हट्टाने फोर-स्ट्रोक बसवले आणि ४९ सीसीतून साडेचार अश्वशक्ती काढली. किंमत ५५ हजार येन.

यातली एकही गोष्ट एकट्याने पाहिली तर अद्‌भुत नाही. सगळ्या मिळून एका विशिष्ट माणसाची अडचण सोडवतात, हे अद्‌भुत आहे. मोठी, वेगवान गाडी बनवणाऱ्याला चार चुका माफ असतात, कारण ती घेणारा हौशी असतो आणि त्याच्याकडे पैसा असतो. खाणावळीच्या पोऱ्याची गाडी सकाळी एका किकमध्ये सुरू झाली नाही, तर त्याची नोकरी जाते. २०१७ साली सुपर कबच्या मालिकेने दहा कोटींचा आकडा ओलांडला. मोटारी, ट्रक, सगळे धरून इंजिनावर चालणारे दुसरे कोणतेही वाहन एवढ्या संख्येने बनलेले नाही.

थोरल्या पातीकडे वळू. १९५४ साली, कंपनी कर्जात बुडालेली असताना होंडाने जाहीर केले की आम्ही आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत उतरणार. परदेशी यंत्रे विकत आणण्यात ४५ कोटी येन घातलेले, बाजार मंदावलेला, आणि मालक शर्यतीच्या गोष्टी करतोय. लोक हसले असतील. १९५९ साली जपानी चमू तिथे पोचला आणि १२५ सीसीत सहावा आला. दोनच वर्षांनी, १९६१ साली, १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांतले पहिले पाचही क्रमांक होंडाचे होते. विजयी स्वार माइक हेलवुड.

मग १९६९ ची सीबी ७५०. चार सिलिंडर आडवे शेजारी-शेजारी, ६७ अश्वशक्ती, बटण दाबून सुरू होणारी, तेलाचा थेंब न गाळणारी. ब्रिटिश मोटारसायकलींना तेल गळतीची जणू परंपराच होती, आणि त्यांच्या आधीच खिळखिळ्या झालेल्या धंद्यावर हा मोठा घाव ठरला. या गाडीचा एक तपशील पुढे लागणार आहे, म्हणून इथेच सांगून ठेवतो : तिच्या पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक होता. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारसायकलीवर असा ब्रेक तेव्हा नवलाचा होता.

त्यानंतरची यादी लांब आहे आणि तिच्यात हौस बरीच आहे. १९७५ पासूनची गोल्ड विंग, १९७८ ची सहा सिलिंडरांची सीबीएक्स, १९९२ ची फायरब्लेड. फसलेले प्रयोगही आहेत. १९७९ च्या एनआर ५०० या शर्यतीच्या गाडीला लंबगोल पिस्टन आणि दर सिलिंडरला आठ व्हॉल्व्ह होते. एवढा खटाटोप करून तिला एकही जागतिक ग्रां-प्री जिंकता आली नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यामाहाने पहिल्या क्रमांकासाठी आव्हान दिले, तेव्हा होंडाने दीड वर्षात शंभराहून अधिक नवी आणि सुधारित मॉडेले बाजारात ओतली आणि प्रतिस्पर्ध्याला जाहीर माघार घ्यायला लावली. या युद्धाचे गोडवे व्यवस्थापनाच्या वर्गांत गायले जातात. मला त्यात फारसे शौर्य दिसत नाही. गिऱ्हाइकाला शंभर मॉडेलांची गरज नव्हती.

आता आपल्या दारात येऊ. १९८० पर्यंत आपल्याकडे बुलेट, येझदी, राजदूत या फटफट्या, स्कूटरसाठी वर्षानुवर्षांची नोंदणी, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांना लूना. मग जपानी आले. १९८४ साली पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा आली : गिअर नाही, किक मारावी लागत नाही, बटण दाबले की सुरू. ही केवळ सोय नव्हती. बजाजची स्कूटर तिरकी करून किक मारणे हे पुरुषी काम मानले जाई. ते कामच नाहीसे झाले आणि पुण्यातल्या शिक्षिका, बँकेतल्या बायका, कॉलेजच्या मुली कोणाच्या मागे बसून न जाता स्वतः जाऊ लागल्या. पुण्याच्या बायका दुचाकीवर असतात, याचे कौतुक परगावच्या पाहुण्यांना आजही वाटते. त्याच्या श्रेयात या स्कूटरचा वाटा घसघशीत आहे. होंडा १९९८ साली त्या भागीदारीतून बाहेर पडली.

दुसरीकडे १९८५ साली हरियाणातल्या धारूहेड्याहून हीरो होंडाची सीडी १०० निघाली. त्याच सुमारास आलेल्या यामाहा आरएक्स १००, सुझुकी आणि कावासाकी बजाज या साऱ्या टू-स्ट्रोक. कॉलेजकुमारांचा जीव त्यांच्यावर, आणि त्यांच्या वडिलांचा सीडी १०० वर. ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ ही तिची जाहिरात इंग्रजी न येणाऱ्यांनाही पाठ होती. तिचे ९७ सीसीचे, जमिनीला समांतर आडवे पडलेले इंजिन पाहा. ते सुपर कबच्याच कुळातले. १९९४ ची स्प्लेंडर तेच इंजिन घेऊन आली. २०१० च्या अखेरीस हीरो आणि होंडाने काडीमोड ठरवला, नाव बदलले, पण आडवे इंजिन टिकले. म्हणजे शेवयांच्या पोऱ्यासाठी आखलेल्या गाडीचा वंश आपल्याकडे दुधाच्या कॅनांपासून शाळेच्या दप्तरांपर्यंत सारे वाहत आला. याबद्दल त्या घराण्याचे आपण ऋणी असायला हरकत नाही.

पण सीबी ७५० वर १९६९ साली असलेला डिस्क ब्रेक हीरो होंडाच्या सीबीझेडवर आला तो १९९९ साली. तीस वर्षांनी. गोल्ड विंगमध्ये पुढचा आणि मागचा ब्रेक एकत्र लागण्याची सोय १९८० च्या दशकाच्या आरंभीच होती. आपल्याकडे अ‍ॅक्टिव्हावर ती २००९ साली आली, आणि १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना ती किंवा एबीएस सक्तीचे झाले २०१९ साली. त्याहून मोठ्या गाड्यांना तेव्हापासून एबीएसच. धाकट्या पातीला थोरलीकडून मिळायचे ते मिळाले, पण कायद्याचा दंडुका दिसल्यावर.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते. गाडी दोन-चार हजारांनी महागली असती, तर प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन ती घेणारा कारकून सायकलवरच राहिला असता. हे उत्तर खोटे नाही. १९८५ साली ते पुष्कळसे खरेही होते. ते खरे राहिले नाही ते पुढे, जेव्हा त्याच किमतीत अलॉयची चाके, रंगीत पट्टे आणि बटणावर सुरू होण्याची सोय आनंदाने घेतली गेली. ब्रेक दिसत नाही, पट्टे दिसतात. आणि जी गाडी जपानमध्ये एका माणसासाठी, फार तर दोघांसाठी आखली गेली, तिच्यावर आपण टाकीवर एक मूल, मध्ये एक मूल आणि मागे आडवी बसलेली गृहिणी घेऊन लग्नाला जातो. वजन वाढले की गाडी थांबायला लागणारे अंतरही वाढते, हे शाळेच्या पदार्थविज्ञानात आहे. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. सगळीच ब्रेकअभावी मेली असे कोणी म्हणणार नाही. हेल्मेट, दारू, खड्डे, चुकीच्या बाजूने येणारे ट्रॅक्टर, कारणे पुष्कळ आहेत. पण थांबणे ही निदान कारखान्याच्या हातातली गोष्ट आहे.

जपानमध्ये २०२५ साली प्रदूषणाच्या कडक नियमांपुढे ५० सीसीच्या सुपर कबचे उत्पादन थांबले. मोठी भावंडे राहिली, मूळ पुरुष गेला. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या केंद्र सरकारने सर्व नव्या दुचाकींना एबीएस आणि गाडीबरोबर दोन हेल्मेटे सक्तीची करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. मसुदा निघताच किमती वाढतील, खप घटेल, गरीब गिऱ्हाईक मरेल, ही हाकाटी सुरू झाली. या वाक्यातला शेवटचा शब्द कोणाला खटकल्याचे ऐकिवात नाही.