सुटलेल्या गणिताचा आधार

आमच्या वस्तीतील एक मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. परवा विहारात भेटली तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, "काका, सर सांगतात की नवा प्रश्न जुन्या प्रश्नात बसवा. मला ती लबाडी वाटते. मी पहिल्यापासून सोडवायला बसते आणि अडकते. हा विषय सोडूनच द्यावा म्हणते."

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. पण वर्गणीची वही आमच्या हातात होती. तीच तिच्यापुढे ठेवली. समजा, वहीत १०० नावे आहेत आणि कोणते नाव दोनदा लिहिले गेले ते शोधायचे आहे. प्रत्येक नाव बाकीच्या प्रत्येक नावाशी ताडायचे तर ४,९५० जोड्या पाहाव्या लागतील. त्याऐवजी नावे अकारविल्हे लावली, तर सारखी नावे शेजारी येतात. मग ९९ जोड्या पाहिल्या की काम झाले. नावे क्रमाने लावण्याची 'मर्ज सॉर्ट' ही रीत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ सालीच शोधली. तिला १०० नावांसाठी सहाशेहून कमी तुलना पुरतात. म्हणजे सारे काम सातशेच्या आत आटोपते. नव्या प्रश्नाला असे सुटलेल्या प्रश्नाचे रूप देणे, यालाच 'रिडक्शन' म्हणतात.

ही अडचण तिच्या एकटीची नाही. इस्रायलमधील मिखाल आर्मोनी, ज्युडिथ गाल-एझर आणि ओरित हझान यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००६ साली लेख लिहिला. रिडक्शन बाजूला ठेवून थेट उत्तराकडे वळण्याची ओढ त्यांना विद्यार्थ्यांमध्ये दिसली.

पुढे आणखी एक वळण येते. नवा प्रश्न अवघड आहे हे दाखवायचे असेल, तर दिशा उलटी करावी लागते. आधीच अवघड ठरलेला प्रश्न नव्याच्या रूपात मांडायचा. मग नवा झटपट सुटला, तर जुनाही झटपट सुटला पाहिजे! रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली याच रीतीने २१ अवघड प्रश्न एका माळेत गुंफले. इथे मुले हमखास दिशा चुकतात. म्हणून कोणत्या प्रश्नाचे रूप कोणाला दिले, हे आधी कागदावर लिहावे.

यात लबाडी कसली? कोणता जुना प्रश्न उपयोगी पडेल हे ओळखायचे, नव्याला ते रूप द्यायचे आणि उत्तर बरोबर का हे पटवायचे, ही सारी मेहनत तिचीच.

पालकहो, आपल्याला संगणक येत नाही म्हणून गप्प बसू नका. मूल अडले तर जवळ बसून एवढेच विचारा, "बाळा, असलेच काही याआधी सोडवले होतेस का?" आमच्या वस्तीतील मुलीने विषय सोडलेला नाही. येत्या रविवारी ती आपली वही घेऊन येणार आहे. या वेळी शिकवणार ती आणि शिकणार आम्ही.