मळ्याचा धनी आणि सात तारीख

आपल्या मंडळाचा डिसेंबरचा अंक जुळायला लागला की संपादकांचा फोन ठरलेला: नाताळावर काहीतरी लिहा ना. मंडळात ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यामुळे करंज्या, अनारसे आणि दारावरची चांदणी हा विषय दरवर्षी फिरून आमच्याकडे येतो. करंज्यांशी माझं काही वैर नाही. पण माझी श्रद्धा जिथे खरी तासून निघाली ती जागा म्हणजे सोलापूरजवळची चिंचोळी एमआयडीसी, आणि यंदा मी तिच्याबद्दलच लिहिणार आहे.

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की मोहोळच्या अलीकडे हायवेलगत ही वसाहत लागते. सोलापूर म्हटलं की चादर-टॉवेल आठवतात, पण इथे रसायनांचे, औषधांचे, लोखंडकामाचे कारखाने. त्यातल्या एकात मी टाइम ऑफिसला होतो. हजेरी, ओव्हरटाइम, गेटपास, ठेकेदारांची बिलं. पाळी आठवड्याने बदलायची, त्यामुळे रविवारची उपासना कधी मिळायची, कधी बुडायची. घरी याचं फार दुःख असे. मला मात्र चर्चमध्ये पडणाऱ्या प्रश्नांपेक्षा मस्टर पुढ्यात असताना पडणारे प्रश्न जास्त जड वाटत.

मत्तयच्या शुभवर्तमानात 20व्या अध्यायात येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला आमच्यात लहानपणापासून सगळ्यांना पाठ. धनी पहाटे चौकात जातो, दिवसाची मजुरी ठरवून माणसं कामाला लावतो. मग नऊला, बाराला, तीनला जातो, आणि पाचला पुन्हा जातो. पाच वाजताही काही जण उभेच असतात, कारण त्यांना कुणी बोलावलेलंच नसतं. संध्याकाळी वाटप शेवटच्यांपासून सुरू होतं आणि सगळ्यांच्या हातावर पूर्ण दिवसाची मजुरी पडते. प्रवचनात याचा अर्थ एकच सांगतात: देवाची कृपा, उशिरा आलेल्यालाही स्वर्ग. अर्थ बरोबर आहे. माझं म्हणणं इतकंच की, ही गोष्ट आधी मजुरीची आहे, आणि तो भाग वगळला की कृपेला पाय उरत नाहीत.

सोलापूरच्या माणसाला हा मळा परका वाटायचं कारण नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका, शरद सीडलेससारख्या द्राक्षाच्या जाती काढल्या. त्या पट्ट्यात तोडणीच्या दिवसांत आभाळ भरून आलं की बागायतदार माणसांसाठी कसा वणवण करतो ते आम्ही पाहिलेलं आहे. नऊ, बारा आणि तीनची फेरी त्याला लगेच कळेल, कारण ती गरजेची फेरी आहे. पाचची फेरी मात्र त्याच्या हिशेबात बसणार नाही. तासाभरात अंधार पडणार, त्या तासाला माणूस लावून बागेचं काय भलं होणार? या फेरीत धनी मळ्याची गरज सोडून त्या माणसाच्या चुलीकडे बघतो. येशूचं ऐकायला जमलेल्यांत असे चौकात उभे राहिलेले लोक नक्कीच असतील. त्यांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

चिंचोळीतला चौक म्हणजे कारखान्याचं गेट. पाळी सुरू व्हायच्या आधी ठेकेदाराच्या माणसांबरोबर चार-सहा जण जास्तीचे उभे असत. कुणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी लागायचं, नाही तर गाडीभाडं अंगावर घेऊन परतायचं. आत लागलेल्यांचीही गोष्ट सरळ नव्हती. वर्षात 240 दिवस भरले की कायद्याने माणसाला काही हक्क मिळतात, म्हणून त्याआधीच त्याला ‘ब्रेक’ द्यायचा. महिन्याभराने तोच माणूस, तेच मशीन, फक्त नोंद नवी. यात कुणी राक्षस नव्हतं. ब्रेक देणारा सुपरवायझर सज्जन होता, दर गुरुवारी उपासही करायचा.

दाखल्यातली आणखी एक गोष्ट मला तिथेच दिसली. कुरकुर धनी करत नाही. कुरकुर करतात पहाटेपासून राबलेले. ठेकेदाराच्या माणसांना दिवाळीत काहीतरी जास्त द्यावं असं कॅन्टीनमध्ये निघालं की पहिला विरोध परमनंट कामगारांचा. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. उन्हातान्हात वीस-वीस वर्षं काढून त्यांनी जे मिळवलं ते कालच्या पोराला आयतं मिळणार होतं. पण मळ्यात त्यांच्या ठरलेल्या मजुरीतून एक पैसाही कापलेला नाही, हे येशूने मुद्दाम सांगितलं आहे. दुसऱ्याला मिळालं म्हणून आपलं कमी झालं, असं वाटण्याचा आजार त्याला चांगला ठाऊक होता.

2016 साली ठाणे पोलिसांनी चिंचोळीतल्या एका कारखान्यातून नशेच्या पदार्थांसाठी वापरल्या जाणाऱ्या इफेड्रीनचा प्रचंड साठा पकडला आणि आमच्या वसाहतीचं नाव देशभर गाजलं. नशेच्या पापावर मी प्रवचनं खूप ऐकली आहेत. दारू, तंबाखू, सिनेमा, सगळ्यांवर ऐकली. रखडलेल्या पगारावर मात्र एकही ऐकलेलं नाही, आणि तेही पवित्र शास्त्रात हा विषय ठिकठिकाणी असताना. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्यास्ताच्या आत द्यायची सक्त ताकीद आहे. याकोबाच्या पत्रात दाबून ठेवलेली मजुरीच धन्याविरुद्ध ओरडते.

यावर कारखानदार म्हणेल, तुम्हाला धंदा कळत नाही. मोठ्या कंपन्या लहान कारखान्यांची बिलं थकवतात, ऑर्डर कधी येते कधी नाही. हे मी टाइम ऑफिसात बसून पाहिलं आहे, त्याची अडचण खरी आहे. पण थकलेल्या बिलाचा भार सोसायची सर्वांत कमी ताकद ज्याच्यात, त्याच्याच खांद्यावर तो का पडावा? 1936 च्या वेतन कायद्याने हजाराहून कमी कामगारांच्या ठिकाणी सात तारखेच्या आत पगार बंधनकारक केला होता. 1970 च्या ठेका कामगार कायद्याने तर ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो भरावा असं सांगितलं होतं. सरकारी कायदा इतकं म्हणतो तिथे चर्चने त्याहून कमी म्हणावं हे मला पटत नाही.

श्रद्धेने पोटाकडे बघू नये, असं मराठी ख्रिस्ती परंपरेत तरी कुठे आहे? सोलापूर-पुणे रेल्वेवर केडगाव लागतं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी बायका-मुली आणल्या आणि तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. प्रार्थना होतीच, पण तिथे माग होते, शेती होती, छापखाना होता. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाई त्याच बायकांच्या हातून झाली. तिथे उपासना आणि काम वेगळं काढून दाखवायला गेलं तर जमणार नाही.

हे सगळं या अंकात का, असं कुणी विचारेल. आपल्या मंडळातल्या अनेकांचे भाऊ, मेहुणे, वर्गमित्र अशा वसाहतींत कारखाने चालवतात. काहींचे पैसे तिथे गुंतलेले आहेत. ख्रिस्ती असोत वा नसोत, रविवारी फोनवर आपण त्यांना तब्येत विचारतो, पाऊस विचारतो. या डिसेंबरात त्यांना आणखी एक विचारा: ठेकेदाराच्या माणसांचा पगार कितव्या तारखेला होतो?